कूटचलन आणि बट्टा : बिदर–कलबुर्गी सीमाभागाच्या अनुभवातून

कूटचलन : संगणकांच्या जाळ्यावर, गणिती कूटलेखनाच्या आधाराने चालणारे आणि कोणत्याही सरकारने किंवा मध्यवर्ती बँकेने न काढलेले मूल्यचिन्ह, बोलीत ‘क्रिप्टो’. त्यातले पहिले आणि आजही सर्वांत मोठे म्हणजे बिटकॉइन. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने त्याचा आराखडा ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ रोजी त्याच्या खतावणीतली पहिली नोंद पडली. राजा नको, बँक नको, सराफ नको, दोन माणसांनी आपसांत पैसा द्यावा-घ्यावा, हा त्यामागचा दावा. रुपयाला असा पर्याय उभा राहू शकतो का, या वादात बहुधा वॉशिंग्टन-लंडनचे दाखले दिले जातात. बिदर आणि कलबुर्गी (२०१४ पर्यंत गुलबर्गा) या सीमाजिल्ह्यांचे दाखले अधिक उपयोगी आहेत, कारण एकाच बाजारात दोन नाणी चालली तर काय होते हे या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. मराठीत रूढ झालेल्या शब्दाचीही एक गंमत आहे. ‘कूट’ म्हणजे गूढ हे खरे, पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘कूटरूप’ म्हणजे खोटे नाणे, आणि ते ओळखण्यासाठी ‘रूपदर्शक’ हा अधिकारी नेमलेला. क्रिप्टोच्या विरोधकांनी हा शब्द मुद्दाम घडवला असता, तर तो याहून चांगला साधला नसता.

पहिला दाखला बहमनींचा. १३४७ मध्ये दख्खनच्या सरदारांनी दिल्लीशी फारकत घेतली आणि गुलबर्गा राजधानी झाली. पंधराव्या शतकात ती बिदरला गेली. दुसरा सुलतान मुहम्मदशहा (१३५८–१३७५) याने सोन्या-चांदीची स्वतःची नाणी पाडली. इतिहासकार फिरिश्ता सांगतो, की विजयनगर आणि तेलंगणच्या राजांच्या चिथावणीने इथले सराफ हाती येणारे प्रत्येक बहमनी नाणे वितळवू लागले, जेणेकरून बाजारात त्या राजांचा सोन्याचा होनच चालावा. ताकीद देऊन भागेना, तेव्हा सुलतानाने राज्यभरातल्या सराफांची कत्तल करवली आणि तो धंदा दिल्लीकडून आलेल्या खत्र्यांना दिला. ही हकीकत घटनेनंतर अडीचशे वर्षांनी लिहिलेली आहे, तेव्हा तिच्यातला कटाचा भाग जपूनच घ्यावा. मात्र बहमनी राज्यात होन सर्रास फिरत होते, याला पुढच्या संशोधनाचा आधार आहे. अमेरिकी इतिहासकार फिलिप वॅगनर यांनी २०१४ मध्ये बहमनी नाणेव्यवस्थेतील होनांवर स्वतंत्र लेखच लिहिला. सुलतानाचा शिक्का, सुलतानाची तलवार, आणि तरी बाजारात शेजारच्या राजाचे नाणे.

कूटचलनाच्या बाजूने बोलणाऱ्याला याहून चांगला पुरावा मिळणार नाही. राजाने सांगितले म्हणून पैसा होत नाही, लोक घेतात म्हणून होतो, असे तो म्हणेल, आणि अर्धे बरोबर म्हणेल. उरलेले अर्धे असे, की होन हे बिनराजाचे नाणे नव्हतेच. सुमारे ३.४ ग्रॅम सोन्याच्या त्या तुकड्यामागे विजयनगरसारखी सत्ता होती. कृष्णेच्या दक्षिणेला सारा होनात भरला जाई आणि देवस्थानांच्या देणग्या होनात मोजल्या जात. इथल्या सराफाने सुलतानाला नाकारले ते दुसऱ्या राजाच्या भरवशावर. आज नेमके तेच चालले आहे. कूटचलनांपैकी प्रत्यक्ष देण्याघेण्यासाठी सर्वांत जास्त वापरली जातात ती ‘स्टेबलकॉइन’, म्हणजे एका नाण्यामागे एक डॉलर ठेवल्याची हमी देणारी. टेथर हे त्यांतले मोठे नाव. राज्यसत्तेला पर्याय म्हणून निघालेली चळवळ शेवटी अमेरिकी सरकारच्या चलनाला टेकून उभी राहिली, आणि जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने या नाण्यांसाठी कायदाही केला. डॉलरचा टेकू न घेता केवळ सूत्रांच्या बळावर डॉलरइतके स्थिर राहू म्हणणारे टेरायूएसडी मे २०२२ मध्ये काही दिवसांत कोसळले.

दुसरा दाखला अधिक जवळचा आहे, आणि त्यावर थोडे थांबायला हवे. १९५६ पर्यंत हे दोन्ही जिल्हे आधी हैदराबाद संस्थानात आणि मग हैदराबाद राज्यात होते. संस्थानाचा रुपया तो ‘हाली सिक्का’, लोकांच्या तोंडी नुसता ‘हाली’. इंग्रजी मुलखातला यंत्रावर पाडलेला रुपया तो ‘कलदार’. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तर हाली हेही एक नाणे नव्हते. गदवाल, नारायणपेठ, सुरपूर अशा ठिकाणचे रुपये आणि औरंगाबादेत सावकार पेस्तनजी मेहेरजींच्या व्यवस्थेखाली पडलेला पेस्तनशाही रुपया, असे खासगी-निमसरकारी प्रकार संस्थानात फिरत. प्रत्येकाचा कस वेगळा, प्रत्येकाचा बट्टा, म्हणजे नाणे बदलताना होणारी कापणी, वेगळा. ‘प्रत्येकाने आपापले नाणे काढावे आणि बाजाराने निवड करावी’ हे स्वप्न आज नवे म्हणून सांगितले जाते. ते इथे प्रत्यक्षात होते, आणि दिवाण सालारजंगांनी टांकसाळ हैदराबादेत एकवटली ती त्या गोंधळाला कंटाळून. पुढे १९१८ मध्ये निजाम सरकारने कागदी नोटाही काढल्या. त्यांवर उर्दू-इंग्रजीबरोबर मराठी, कानडी आणि तेलुगू अक्षरांतही किंमत छापलेली असे.

हालीचा सरकारी दर होता १०० कलदारला ११६ रुपये १० आणे ८ पै, म्हणजे सात हालीला सहा कलदार. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा आणि त्यात चांदी ८१.८ टक्के, म्हणजे ९.१४ ग्रॅम, कलदार ११.६६ ग्रॅमचा, त्यात १०.६९ ग्रॅम. भागाकार ०.८५५, आणि सहा-सप्तमांश म्हणजे ०.८५७. धातू बोलत होता खरा. पण १८९३ मध्ये इंग्रजांनी आपल्या टांकसाळी खासगी चांदीला बंद केल्या, कलदार चांदीपासून सुटला आणि हाली-कलदारचा भाव डळमळला. तो पुन्हा स्थिर राखायला संस्थान सरकारला स्वतः मध्ये पडावे लागले. नाण्यात चांदी होती, तरी भावाची हमी चांदीने दिली नाही.

या दुहेरी व्यवस्थेत कोणाचे काय झाले? भालकीच्या शेतकऱ्याने सारा भरायचा तो हालीत. त्याच्या कापसाचा भाव ठरायचा मुंबईत, कलदारमध्ये. कापड यायचे सोलापुरातून, कलदारच्या हिशेबाने. प्रत्येक वळणावर सातास सहाचे गणित, आणि त्यावर सराफाचा बट्टा. ज्याच्याकडे दोन्ही नाण्यांचा साठा आणि दोन्हीकडच्या भावाची खबर, त्याला यात कमाई. ज्याच्याकडे एकच नाणे आणि तेही देण्याची तारीख ठरलेली, त्याला यात खोट. बट्टा हा शब्द मराठीत कलंकासाठीही वापरतात, तो उगाच नव्हे. दुसरे नाणे सराफाचा माल होते आणि कुणब्याचा खर्च. कूटचलनावरचा या नोंदीतला मुख्य आक्षेप एवढाच आहे. जोवर कर, वीजबिल, शाळेची फी आणि आडतीचा हिशेब रुपयात आहे, तोवर दुसरे कोणतेही चलन वापरणे म्हणजे दोन वेळा बट्टा देणे : रुपयातून बाहेर पडताना एकदा, परत येताना एकदा.

सराफ हटवणे हेच तर कूटचलनाचे काम, असे यावर उत्तर येते. आराखड्यात तसे आहे, व्यवहारात नाही. बहुतेक लोक बिटकॉइन घेतात ते विनिमयमंचावरून, आणि ठेवतातही तिथेच. हा मंच म्हणजे सराफच, फक्त त्याला पेढी नाही. फरक असलाच तर वाईटाच्या बाजूने आहे. गावच्या पोतदाराला चावडीवर जाब विचारता येत असे. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय मंचावरून सुमारे २३ कोटी डॉलरची मत्ता चोरीस गेली, तेव्हा खातेदारांचे पैसे महिनोन्‌महिने अडकून पडले. त्याआधी नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हा मंचही बुडाला होता. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर गेनबिटकॉइनचे प्रकरण पुण्यातल्या तक्रारींतून २०१८ मध्ये उघडकीला आले. दरमहा दहा टक्के परताव्याचे आमिष, अठरा महिने; सक्तवसुली संचालनालयाच्या अंदाजाने २०१७ च्या भावात ६,६०० कोटी रुपयांचे बिटकॉइन गोळा झाले. ती फसवणूक बिटकॉइनच्या गणिताने केली नाही, माणसांनी केली, हे मान्य. पण ‘मध्ये माणूस नाही’ हाच ज्याचा गुण सांगितला जातो, त्याच्या खरेदीसाठी सामान्य माणसाला माणसाकडेच जावे लागते, हे तिथेच दिसते.

भावाचा प्रश्न त्याहून मूलभूत आहे. कलबुर्गी हा तुरीचा जिल्हा. इथल्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तूर जून-जुलैत पेरतात, डिसेंबर-जानेवारीत काढतात. २०२१ चा हंगाम बिटकॉइनात मोजून पाहावा. पेरणीच्या वेळी एक बिटकॉइन ३० ते ४० हजार डॉलर, १० नोव्हेंबरला शेंगा भरताना ६९ हजारांच्या घरात, जानेवारीअखेर माल आडतीला लागताना पुन्हा ३५ हजारांच्या आसपास. एका पिकाच्या आत मापच दुप्पट होऊन अर्ध्यावर आले. अशा मापात बियाण्याची उधारी कोणी द्यावी आणि कोणी घ्यावी? बिटकॉइनची संख्या २ कोटी १० लाखांच्या वर जाणार नाही, म्हणून त्याची किंमत टिकेल, हे उत्तर नेहमी मिळते. संख्या गोठवली की मागणीचा प्रत्येक हेलकावा थेट किमतीत उतरतो, एवढेच त्यातून सिद्ध होते. शिवाय ज्याची किंमत वाढणार असे सर्वांना वाटते, ते कोणी खर्च करत नाही, पुरून ठेवते. दख्खनच्या जमिनीतून आजवर निघालेले होनांचे हंडे याच स्वभावाची साक्ष देतात. साठवण म्हणून सोने चांगले असेल; पैसा मात्र फिरावा लागतो.

या विवेचनावरचा सर्वांत वजनदार आक्षेप सरकारवरच्या अविश्वासाचा आहे, आणि तो झटकून टाकता येत नाही. मुहम्मद तुघलकाने १३२९–३२ मध्ये चांदीच्या टंक्याच्या जागी पितळ-तांब्याची नाणी चालवली. नकली नाण्यांचा इतका सुळसुळाट झाला, की सुलतानालाच ती परत घ्यावी लागली. स्वातंत्र्यानंतर भारत आणि हैदराबाद यांच्यात जैसे थे करार झाला आणि लगेच निजाम सरकारने वटहुकूम काढून भारतीय चलन संस्थानात कायदेशीर राहणार नाही असे ठरवले; ज्यांचा सारा व्यापार सोलापूरकडे, त्या सीमेवरच्या बाजारपेठांना तो गळफास होता. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री चलनातल्या ८६ टक्के मूल्याच्या नोटा रद्द झाल्या, हे तर ताजे आहे. राज्यकर्ते पैशाशी खेळतात, हे यावरून शाबीत होते. मात्र उपाय काय, ते ठरत नाही. तुघलकाला नाणी बदलून द्यावी लागली, हालीसुद्धा १९५० च्या दशकात एका रात्रीत रद्दी झाला नाही, तर ठरलेल्या दराने भारतीय रुपयात बदलून मिळत राहिला. राजाच्या नाण्यामागे चुकणारा, पण जबाबदार धरता येणारा कोणीतरी असतो. कूटचलनाची किल्ली हरवली, तर दाद मागायला चावडीही नाही. त्यात लहरी राजा नाही हे खरे. ऐकणारा राजाही नाही.

परगावी गेलेल्यांनी घरी पैसे पाठवण्याचा मुद्दा थोडक्यात संपवता येतो. औरादचा मजूर पुण्याहून किंवा हैदराबादहून घरी पैसे पाठवतो ते यूपीआयने, क्षणात आणि बिनखर्च. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवर २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले, म्हणजे सेकंदाला सरासरी सात हजारांवर. बिटकॉइनची मूळ खतावणी सेकंदाला साधारण सात नोंदी पेलते. आखातातून येणाऱ्या पैशाचा खर्च आजही जास्त आहे, आणि तिथे नव्या तंत्राला जागा आहे, पण तिथेही वापर होतो तो डॉलरला बांधलेल्या नाण्यांचा. सबंध देशाच्या पातळीवरचा प्रयोग एल साल्वाडोरने केला. सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलन केले; आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जासाठी जानेवारी २०२५ मध्ये ते स्वीकारण्याची सक्ती काढली, आणि कर फक्त डॉलरमध्ये भरण्याचे कबूल केले.

भारतात रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना या धंद्यापासून दूर ठेवले होते. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केले. कूटचलन बाळगणे गुन्हा नाही, आणि ते कायदेशीर चलनही नाही. कायद्याने त्याला ‘आभासी डिजिटल मत्ता’ म्हटले आहे. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, एका व्यवहारातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, आणि त्याच वर्षी जुलैपासून विक्रीवर एक टक्का उद्गमकर कापला जातो. हा सगळा कर बिटकॉइनमध्ये भरता येत नाही. तो रुपयातच भरावा लागतो.