चिखल, शेण आणि धान : गोंदिया जिल्ह्यातील बालखेळांचा इतिहास

माती, पाणी, वाळू, शेण, धान्य आणि रंग यांत हातपाय भरवून खेळणे हा तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाचा फार जुना प्रकार आहे. गोंदिया जिल्ह्यात हा खेळ धानशेती, मातीची घरे आणि वर्षभराचे सण यांच्या आधाराने वाढला. विसाव्या शतकातील बालवाडीच्या चळवळीने त्यामागचे शास्त्र मांडले आणि अंगणवाडीने त्याला गावात जागा दिली. या तीन टप्प्यांतच त्याचा इतिहास सामावलेला आहे.

भूमी आणि माती

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव हे त्याचे आठ तालुके. उत्तरेला मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा आणि पूर्वेला छत्तीसगड आहे. हा सारा मुलूख झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातील जंगलपट्ट्याचा. धान हे येथील मुख्य पीक, आणि धानासाठी पाणी अडवून ठेवणे ही येथील जुनी विद्या. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांसाठी हा भाग प्रसिद्ध आहे. नवेगावबांधच्या तलावाशी कोलू पाटील कोहळी यांचे नाव जोडले जाते. मोठ्या मालगुजारी तलावांबरोबर शेताशेतांत लहान बोड्याही (शेततळी) खोदल्या गेल्या.

या रचनेमुळे लहान मुलाच्या हाताशी अनेक प्रकारची माती आली. तलावाच्या पोटातली चिकण गाळमाती कुंभाराच्या चाकावर चढते आणि मुलाच्या मुठीतही आकार धरते. वैनगंगा, बाघ आणि चुलबंद या नद्यांच्या पात्रांत वाळू मिळते. भिंती पोतारायची पांढरी माती हाताला पिठासारखी लागते, तर बांधीतला, म्हणजे भातखाचरातला, चिखल बोटांच्या फटींतून निसटतो. मऊ, खरखरीत, चिकट आणि भुसभुशीत यांतला फरक या मुलांना शिकवावा लागला नाही. तो त्यांच्या घराभोवतीच होता.

शेत आणि घर

पावसाळ्यात बांधी भरली की चिखलणी होते आणि मग रोवणी (भातलावणी) सुरू होते. रोवणी हे प्रामुख्याने बायकांचे काम. पऱ्हे (रोपे) उपटणे, जुड्या बांधणे आणि वाकून एकेक रोप चिखलात खोचणे यात दिवस जातो. घरी सांभाळायला म्हातारे माणूस नसले की लहान मूल आईबरोबर शेतात येते आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसते. तिथे ते चिखलाचे गोळे करते, बोटभर पाटातून पाणी काढते, पुन्हा अडवते आणि गवताच्या काड्या ओळीने रोवते. मोठ्यांच्या कामाची ही नक्कल म्हणजे पाण्याचा उतार, वजन आणि अंतर यांचा पहिला अभ्यास होय. धुऱ्याला भोक पडले की पाणी कोठे जाते, हे शेतकऱ्याचे मूल शाळेत जाण्यापूर्वीच पाहून ठेवते.

धान कापून झाल्यावर खळे मांडले जाते. मळणीनंतर तनसाचे, म्हणजे पेंढ्याचे, ढीग लागतात, आणि त्यांत उड्या मारणे हा मुलांचा हिवाळी खेळ. धान, तांदूळ, कोंडा आणि भुसा ही एकाच पिकाची चार रूपे. मूल ती मुठीत धरते, ओतते, फुंकर मारून उडवते. सुपातून धान पाखडताना भुसा उडतो आणि दाणा राहतो, हे पाहणे म्हणजे हलके-जडाचा धडाच असतो.

घरातही हात मातीतच असत. अंगणात सडा पडे, जमीन शेणाने सारवली जाई, धान साठवण्याच्या बांबूच्या ढोलीला शेणमातीचा लेप दिला जाई. आई सारवायला बसली की शेजारी लहान मुलीलाही शेणाचा गोळा मिळे. आधी तिच्या हातांचे ठसे उमटत, मग हळूहळू हात गोलाईत फिरू लागे. मनगट, तळवा आणि बोटे यांना असे वळण लागे. पुढे पेन्सिल धरताना हेच वळण कामी येते.

सणांचे वर्ष

झाडीपट्टीतील सणांनी या खेळाला दरवर्षीचे ठरलेले दिवस दिले. श्रावणात जन्माष्टमीला पूर्व विदर्भातील घरांत मातीचा कान्होबा बसतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचे विसर्जन होते. मूर्ती कुंभाराकडून येत असली, तरी तिच्या निमित्ताने ओली माती, रंग आणि पाने-फुले मुलांच्या हाताशी येतात.

श्रावण अमावास्येला पोळा येतो. मोठ्यांचे बैल सजतात, त्याच दिवसांत लहानांचेही बैल तयार होतात. दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा हा विदर्भाचा खास बालसण आहे. नागपूरकर दुसरे रघुजी भोसले यांनी १८०६ मध्ये तो सुरू केला, असे परंपरा सांगते. मुले लाकडी नंदीबैल सजवून घरोघर नेतात आणि त्यांना खाऊ किंवा बोजारा (भेटीचे पैसे) मिळतो. ज्यांना लाकडी बैल परवडत नाही, ते मातीचा घडवतात. शेजारच्या छत्तीसगडात या सणाला मुलांसाठी मातीचे नंदिया बैल आणि मुलींसाठी मातीची जाती-भांडी घेण्याची चाल आहे. चार पाय, वशिंड आणि शिंगे यांचा तोल साधल्याशिवाय मातीचा बैल उभा राहत नाही. तो पडतो, पाय जाड केले जातात आणि तो पुन्हा उभा केला जातो. चुकून शिकण्याची याहून स्वस्त शाळा मिळणे कठीण.

फाल्गुनात होळीसाठी शेणाच्या चाकोल्या होतात. मुले ताजे शेण गोळा करतात, त्याच्या चपट्या वड्या थापतात, मध्ये बोटाने भोक पाडतात आणि त्या उन्हात वाळवतात. गोल चाकोल्यांबरोबर चंद्र, चांदणी असे आकारही केले जातात. वाळलेल्या चाकोल्या सुतळीत ओवून त्यांची माळ होळीला घालतात. थापणे, भोक पाडणे, वाळण्याची वाट पाहणे, मोजणे आणि ओवणे या क्रमात हाताचे कौशल्य आणि गणित दोन्ही आले. याच दिवसांत पळस फुलतो. त्याची फुले पाण्यात भिजवली किंवा उकळली की केशरी रंग उतरतो आणि होळीचा रंग रानातूनच घरी येतो.

शास्त्र आणि चळवळ

गावांमध्ये जे सहज चालत होते, त्याचा विचार जगात इतरत्र शिक्षणशास्त्र म्हणून होत होता. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली. तिलाच पुढे किंडरगार्टन हे नाव मिळाले. त्यांच्या योजनेत मातीकामाला स्थान होते. अमेरिकेत बॉस्टन शहरात १८८५ मध्ये गरीब वस्तीतील मुलांसाठी वाळूचे ढीग टाकण्यात आले आणि सार्वजनिक क्रीडांगणांची तेथून सुरुवात झाली. रोममध्ये मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये बालगृह उघडले आणि ज्ञानेंद्रियांच्या शिक्षणाला पद्धतशीर रूप दिले. मात्र माँटेसरींची साधने घोटीव लाकडाची आणि महाग होती. खेड्यातील शाळेला ती घेणे शक्य नव्हते.

ही अडचण महाराष्ट्रात सुटली. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर शाळाच वस्तीतील अंगणात नेली गेली, आणि अंगणवाडीची कल्पना तेथून रुजली. १९५७ मध्ये हे काम आदिवासी भागातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. विकत घेतलेल्या साधनांची जागा शंख-शिंपले, बिया, पाने, खडे आणि माती यांनी घेतली. आदिवासी मुलाच्या परिसरातील वस्तू हेच त्याचे पाठ्यसाहित्य, हा या कामाचा मोठा निष्कर्ष होता.

विदर्भात याच विचाराची दुसरी शाखा सेवाग्रामला वाढली. १९३७ च्या वर्धा परिषदेतून हस्तोद्योगातून शिकवणारी नई तालीम पुढे आली आणि १९४५ मध्ये तिची व्याप्ती वाढवून त्यात पूर्व बुनियादी, म्हणजे शाळेपूर्वीच्या, शिक्षणाचाही समावेश झाला. सेवाग्राम आणि आजचा गोंदिया हे दोन्ही भाग तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होते. हाताने काम करून शिकणे हे कमी प्रतीचे शिक्षण आहे, हा समज या शाखेने खोडून काढला.

अंगणवाडीतील माती

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली. कोसबाडकरांचा अंगणवाडी हा शब्द या योजनेमुळे देशभर गेला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा तिच्यात होत्या. कुपोषणाचा प्रश्न तातडीचा असल्याने आहार, वजन आणि नोंदवह्या यांतच सेविका आणि मदतनीस यांचा बराच वेळ जाऊ लागला, आणि सहावी सेवा मागे राहिली. २०१३ च्या राष्ट्रीय प्रारंभिक बाल्यावस्था संगोपन व शिक्षण धोरणाने, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आणि २०२२ च्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्याने खेळाला पुन्हा शिक्षणाच्या मध्यभागी आणले.

धानाच्या जिल्ह्यातील अंगणवाडीला त्यासाठी लागणारे साहित्य गावातच मिळते. मातकामाला चाळलेली चिकणमाती, ठसेकामाला भेंडी, कांदा आणि पळसाची पाने, चिकटकामाला तनसाच्या काड्या व धान, रंगाला हळद आणि पळसफुले. घमेल्यात पाणी घेऊन वाटीने ओतण्यातून मापन येते. डोळे बांधून धान, तांदूळ आणि कोंडा ओळखण्यातून स्पर्शाची पारख होते. ओल्या वाळूत पाय घालून खोपा करताना किती पाणी हवे, हे मूल स्वतः ठरवते. मुलांची घरची बोली झाडी, पोवारी, गोंडी किंवा छत्तीसगढी असते. प्रमाण मराठी नीट येण्यापूर्वीही त्यांना या खेळात पूर्ण भाग घेता येतो, आणि हातातील वस्तूबरोबर तिचा शब्दही तोंडी बसतो.

घट आणि धोके

या खेळाची मुळे आता आक्रसत आहेत. विटा-सिमेंटची घरे आणि फरशी आल्यावर सारवण गेले. ट्रॅक्टरमुळे बैल कमी झाले आणि त्यांच्याबरोबर शेणही. तिसऱ्या वर्षीच अक्षरे गिरवून घेणारी शाळा चांगली, आणि मळलेले कपडे हे हयगयीचे लक्षण, असा समज पालकांत पसरला आहे.

काही धोके मात्र खरे आहेत. तणनाशके आणि कीटकनाशके फवारलेल्या बांधीतला चिखल आता लहान मुलाच्या खेळण्यायोग्य राहिलेला नाही. दूषित मातीतून अंकुशकृमी अनवाणी पायाच्या त्वचेतून शरीरात शिरतो आणि रक्तक्षय वाढवतो. मूल सतत माती खात असेल, तर शरीरात लोहाची कमतरता असू शकते आणि त्याला आरोग्य केंद्रात दाखवणे आवश्यक असते. उघडी बोडी आणि पावसाळ्यातील साप हे तर नेहमीचेच भय. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांतून गोळ्या दिल्या जातात, त्यामागे कृमींचा हाच धोका आहे.

यावर माती बंद करणे हा उपाय नाही. शेतातला चिखल गेला असेल, तर त्याच्या जागी अंगणवाडीच्या अंगणात चाळून उन्हात वाळवलेल्या मातीचा आणि वाळूचा झाकता येणारा हौद हवा, स्वच्छ पाण्याचे घमेले हवे, आणि खेळानंतर साबणाने हात-पाय धुण्याची सोय हवी. चाकोल्या थापणाऱ्या आणि मातीचा बैल घडवणाऱ्या आज्या गावोगाव आहेत; त्यांना आठवड्यातून एकदा अंगणवाडीत बोलावायला पैसे लागत नाहीत. ग्रामपंचायतीने, सेविकेने आणि पालकांनी एवढे मनावर घेतले, तर झाडीपट्टीच्या मुलांना त्यांचे हक्काचे शिक्षण गावातच मिळेल.