पोथीपुढचं पोरगं

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा मुलूख निजामाचा. शाळा थोड्या, अन् वरचं शिक्षण उर्दूतून. तरी इकडं मराठी वाचणारे तयार होत होते. कुठं? मारुतीच्या देवळात, पोथीला.

श्रावण लागला की श्रीधरस्वामींचा पांडवप्रताप नाहीतर हरिविजय निघायचा. एकानं ओवी वाचायची, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. ही रीत माझ्या लहानपणीही तशीच होती. वाचणाऱ्याला धाप लागली की तो पोथी एखाद्या शाळकरी पोराकडं सरकवायचा. पोरगं अडलं की ज्याला अक्षराची ओळख नाही, पण ओव्या पाठ आहेत, असा म्हातारा पुढचा शब्द पुरवायचा. पोरगं थांबलंच तर मागून आवाज यायचा, "आरं, पांडव वनातच ठिवतूस का? फुडं वाच!" एवढी माणसं कान देऊन बसल्यावर कोण नीट वाचणार नाही? पण सगळ्यांच्या पोरांपुढं ती पोथी सरकत नव्हती. काहींना पायरीखालूनच ऐकावं लागे, अन् पोरींचा तर नंबरच नसे. हेही लिहिलं पाहिजे.

१९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. (साताऱ्यातही एक पुसेगाव आहे, सेवागिरी महाराजांचं. आमचं गाव सांगितलं की लोकांना तेच आठवतं.) गावातल्या मास्तरांनी अन् शिकलेल्या पोरांनी रात्री मोठ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवायचं. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ. ही मोहीम पुढं राज्यभर गेली. दुसऱ्याला शिकवायचं म्हणजे आधी आपलं वाचन पक्कं पाहिजे, त्यामुळं खरा फायदा त्या शिकवणाऱ्या पोरांचा झाला असं मला वाटतं.

मग १९६७ चा ग्रंथालय कायदा आला. अनुदान आलं, अ, ब, क, ड असे वर्ग आले, गावोगाव वाचनालयाच्या पाट्या लागल्या. चांगलंच झालं. पण पुस्तकांना कपाट मिळालं, वाचणाऱ्याला ऐकणारा मिळाला नाही. 'प्रथम' संस्था २००५ पासून खेड्यांतल्या लेकरांचं वाचन तपासते. दुसरीच्या पुस्तकातल्यासारखा सोपा मजकूर पाचवीच्या लेकरापुढं ठेवतात. देशभरात जवळपास निम्मी लेकरं तिथं अडतात. लोक मोबाइलला शिव्या देतात. मोबाइल तर काल आला.

आमच्याकडं सप्ताह अजून जोरात होतो. सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, रात्री कीर्तन. दुपारी मात्र मंडप रिकामा, माइक नुसता उभा. तो दुपारचा एक तास लेकरांना द्यावा. पोरी-पोरं सगळी, कोणत्याही आळीची. पुस्तक त्यांच्या आवडीचं, गोष्टीचं चालेल. ऐकायला मी बसतो, अजून चार म्हातारे घेऊन येतो.