मरणाची घाई नसलेले व्रत

दयामरणाची चर्चा आपल्याकडे बहुधा नेदरलँड्सच्या २००२ च्या कायद्यापासून सुरू होते, नाहीतर मुंबईच्या केईएम रुग्णालयात वर्षानुवर्षे अचेत पडून राहिलेल्या अरुणा शानबाग यांच्यापासून. तासगाव, मिरज, वाळवे या पट्ट्यातल्या माणसाला इतके लांब जायचे कारण नाही. इथला दिगंबर जैन समाज मुख्यतः शेतकरी, आणि ‘अमक्यांनी सल्लेखना घेतली’ हे वाक्य त्याच्या घरांत परके नाही. टप्प्याटप्प्याने अन्नपाणी सोडून मरण स्वीकारण्याच्या या व्रताच्या आधाराने दयामरणाचे समर्थन करणारे आणि त्याला सरळ आत्महत्या ठरवणारे, दोघेही घाई करतात असे मला वाटते. व्रताचे नैतिक बळ शोधायचे तर माणसाची संमती पारखण्याच्या त्याच्या रीतीत शोधावे लागते.

समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’ने सल्लेखनेचे प्रसंग मोजून दिले आहेत: उपसर्ग, दुष्काळ, म्हातारपण आणि रोग, आणि तेही ज्यावर काही इलाज उरलेला नाही असे. पुढचा क्रमही ठरलेला आहे. आधी जड अन्न सुटते, मग दुधासारखे पातळ पदार्थ, मग कांजी आणि गरम पाणी, शेवटी तेही. त्याआधी वैर सोडायचे, सगळ्यांची क्षमा मागायची. मुदतबंद तो ‘नियम’, आजन्म तो ‘यम’, असा भेदही परंपरेने केला. पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते ‘तत्त्वार्थसूत्रा’तले कलम. व्रत बिघडवणारे पाच दोष ते सांगते, आणि त्यांत जगण्याच्या हावेशेजारी लवकर मरण यावे ही इच्छाही बसवते. मरणाकडे नेणारे व्रत मरणेच्छेलाच दोष मानते, हे आजच्या वादात कुणी फारसे लक्षात घेत नाही.

आचार्य शांतिसागर महाराजांचे उदाहरण या भागात घरोघर माहीत आहे. चिकोडीकडच्या भोज गावचे हे पाटील घराणे. १४ ऑगस्ट १९५५ रोजी त्यांनी कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली आणि ३६व्या दिवशी, १८ सप्टेंबरला देह ठेवला. वयाची ऐंशी उलटली होती आणि दृष्टी मंदावली होती. दिगंबर मुनीला पायाखालची किडामुंगी पाहून पाऊल टाकावे लागते, ओंजळीतला घास निरखावा लागतो. डोळे गेले की अहिंसाच पाळता येत नाही. म्हणजे कारण वेदना हे नव्हते. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये पवनारला विनोबांनी अन्न-औषध थांबवले, तेही वेदनेतून सुटका म्हणून नव्हे.

सर्वांत जड आक्षेप दडपणाचा आहे. घरातल्या म्हाताऱ्यांना ‘पुण्या’च्या नावाने बाजूला सारले जाईल, सतीच्या बाबतीत हेच झाले, असे टीकाकार म्हणतात. १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्याला, म्हणजे श्वेतांबरांतल्या याच व्रताला, आत्महत्या ठरवले आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. सतीशी तुलना मला पुरती पटत नाही. चितेवरून परतायची सोय नव्हती. इथे ‘नियम’ आहे, गुरूची परवानगी आहे, एकेक पदार्थ सोडण्यात जाणारे दिवस आहेत. तरीही आक्षेपात तथ्य आहे. एकदा गावात बातमी फुटली, दर्शनाची रीघ लागली, की ‘मला जेवायचे आहे’ म्हणायला केवढे धाडस लागेल! त्या गर्दीचे समर्थन मला करता येत नाही.

दयामरणाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाच्या शानबाग खटल्यातल्या २०११ च्या निकालाने, आणि मग ९ मार्च २०१८ च्या निकालाने, उपचार थांबवणे मान्य झाले. मरण आणणारे इंजेक्शन मात्र गुन्हाच राहिले. आगाऊ इच्छापत्र आणि डॉक्टरांची दोन मंडळे ही अट किचकट ठरली म्हणून २०२३ मध्ये ती सैल केली. संमतीला वेळ द्यायचा आणि ती दुसऱ्यांकडून तपासून घ्यायची, इथवर हा कायदा व्रताच्या रीतीजवळ येतो. पुढे वाटा फुटतात. हाडांत पसरलेल्या कर्करोगाने कळवळणाऱ्या शेतमजुराला अन्नत्यागाची शिस्त सांगणे क्रूरपणाचे आहे, आणि मॉर्फिन न देता त्याची ‘स्वेच्छा’ नोंदवून घेणे त्याहून वाईट. मॉर्फिनवरचे जाचक निर्बंध सैल करणारी कायद्यातली दुरुस्ती २०१४ मध्येच झाली. ते औषध गावपातळीपर्यंत पोहोचत नाही तोवर इंजेक्शनाच्या मागणीतली किती मरणाची आणि किती वेदनाशामकाची, हे कोणत्याही मंडळाला सांगता येणार नाही.