गल्ला मालकाचा, बंदूक कोणाच्या हातात?



मागच्या महिन्यात पिंप्राळ्यात आमच्या गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वही लिहून झाली, सगळ्या उठायच्या बेतात होत्या. तेवढ्यात एक ताई म्हणाली, "थांबा गं, मला एक विचारायचंय." तिची लेक जळगावात एका सराफी दुकानात काउंटरवर असते. वय तेवीस. मालकाने चौघा नोकरांना बोलावून सांगितलं, की दरोड्याच्या बातम्या फार येताहेत, आपण बंदुकीचा परवाना काढू, तुमच्यापैकी दोघांची नावं त्यात घालू. शिकून घ्या, महिन्याला वर पैसे देईन. लेक घरी येऊन आईला विचारते, हो म्हणू का?

आधी हशा झाला. अमळनेरकडची एक मावशी म्हणाली, "बंदूक काय लाटनं शे का वं, उचलं आनी मारं?" मग एका आजींनी त्यांच्या सासऱ्यांची ठासणीची बंदूक आठवली. रानडुकरांसाठी घेतलेली. आजींच्या आठवणीत ती भिंतीवरून खाली यायची फक्त खंडेनवमीला, हळद-कुंकू लावून घ्यायला. हशा संपला, पण त्या ताईला उत्तर मिळालं नव्हतं. म्हणून आम्ही जुनं काही वाचलं, काही जाणत्यांना विचारलं. आजचं बोलणं त्याचंच आहे.

दुसऱ्याचा माल सांभाळायला पगारी माणसाच्या हातात शस्त्र द्यायचं, ही गोष्ट आपल्या भागात मुळीच नवी नाही. पेशवाईच्या अखेरीला सरदार आणि किल्लेदार अरब शिपाई पगारावर ठेवत. शिपाई शूर, हत्यार चालवण्यात तरबेज. पण पगार थकला की तीच हत्यारं मालकाकडे वळत. शेजारच्या बडोद्यात १८०२ मध्ये थकलेल्या पगारासाठी अरब पहारेकऱ्यांनी खुद्द गायकवाड महाराजांनाच अडकवून ठेवलं होतं. १८१८ मध्ये इंग्रजांनी खानदेश घेतला, तेव्हा मालेगावच्या किल्ल्यातले अरब मे-जूनमध्ये कित्येक दिवस झुंजले, मगच किल्ला पडला. मालेगाव तेव्हा खानदेशातच मोडायचं. घाटापलीकडे निजामाच्या मुलखात सावकार वसुलीसाठी अरब आणि रोहिले ठेवत. पुढे त्यातले काही शिपाई स्वतःच सावकार होऊन बसले. म्हणजे ज्याला दार राखायला ठेवला, तोच एक दिवस दारात वसुलीला उभा!

दुसरी गोष्ट आपल्या घरातली आहे, तिच्यावर जरा थांबू. आपल्या गावांचे राखणदार म्हणजे जागले. खानदेशात हे काम बहुतेक करून भिल्ल बांधवांकडे होतं. गावात चोरी झाली तर माग काढायचा जागल्याने, आणि त्याबद्दल गावाने त्याला ठरलेला हक्क द्यायचा. राज्यं बदलली, दुष्काळ आले, लढाया झाल्या, आणि हे हक्क बुडाले किंवा मधल्या माणसांनी खाल्ले. मग राखणारेच डोंगरात गेले आणि वाटा लुटू लागले. इंग्रजांनी आधी फौजा घालून पाहिलं. डोंगरातल्या तापाने शिपाई आजारी पडत आणि हाती काही लागत नसे. शेवटी १८२५ मध्ये जेम्स आऊट्रम नावाच्या अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभी केली. तिचं ठाणं कुठे होतं, माहीत आहे? आपल्या धरणगावला. पिंप्राळ्याहून सकाळी निघालं तर जेवणाच्या आधी परत येता येईल इतकं जवळ. पलटणीमुळे लूट कमी झाली, असं इंग्रजांच्या कागदांत लिहिलेलं आहे. हातात बंदूक आली म्हणून लूट थांबली असेल का? आम्हाला तसं वाटत नाही. बंदुका तर अरबांकडेही होत्या. इथे पगार ठरला, तो वेळेवर मिळू लागला, माणसाला पोशाख आणि मान मिळाला. फरक पडला तो त्याने.

आणि जिथे हे तुटलं तिथे काय झालं, तेही इथलंच. मुंबई-आग्रा रस्ता शिरपूरवरून सेंधव्याच्या घाटात चढतो. त्या घाटाची राखण कंपनी सरकारच्या नोकरीत असलेले खाज्या नाईक करत. एका प्रकरणात पकडलेला संशयित मेला, नाईकांना शिक्षा झाली, तुरुंग झाला. सुटल्यावर पुन्हा नोकरीत घेतलं, पण मन तुटलं ते तुटलंच. १८५७ च्या उठावात त्यांनी त्याच घाटात सरकारी खजिना लुटला, सात लाख रुपयांचा. त्या काळचे सात लाख! पुढच्या वर्षी अंबापाणीला मोठी लढाई झाली. आज आपण त्यांना स्वातंत्र्यवीर म्हणून मानतो आणि ते योग्यच आहे. इथे आम्हाला एवढंच दाखवायचंय, की घाटाची प्रत्येक वाट ठाऊक असलेला माणूस राखणीलाच होता.

१८७५ ची गोष्ट आपल्या जिल्ह्यातली नाही, पुण्याकडची आहे. थोडक्यात सांगतो. १२ मे रोजी सुपे गावच्या आठवडी बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. लोकांना हवी होती ती कर्जरोख्यांची कागदं. ती मिळाली, जाळली, की बरेचदा लोक माघारी जात. माणसांना मारहाण त्या मानाने फार कमी झाली. आता कल्पना करा, त्या दिवशी सुप्याच्या पेढ्यांवर बसलेल्या मुनिमांच्या हातात भरलेल्या बंदुका असत्या तर? कागद कदाचित वाचले असते. माणसं मात्र वाचली नसती, ना बाहेरची, ना पेढीवरची.

तीनच वर्षांनी, १८७८ मध्ये, सरकारने हत्यारांचा कायदा आणला. हिंदी माणसाला हत्यारासाठी परवाना, आणि युरोपियनांना सूट. या भेदावर काँग्रेसने वर्षानुवर्षं तक्रार केली. तो राग खरा होता. पण आपल्या मुनिमाला बंदूक मिळावी म्हणून कोणी आंदोलन केल्याचं आमच्या वाचनात आलेलं नाही.

स्वातंत्र्यानंतरची एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण ती आपल्या आयांच्या काळातली आहे. शहादा तालुका, तेव्हाचा धुळे जिल्हा. मोठ्या बागायतदारांनी पीक संरक्षणाच्या नावाने पगारी राखणदार ठेवले होते. पीक राखायचं, म्हणजे रात्री चोर पकडायचे, असं कागदावर. प्रत्यक्षात शेताच्या कडेने पालापाचोळा, जळण गोळा करणाऱ्या आदिवासी बायांनाही त्यांचा मार बसे. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीला उपाशी आदिवासी धान्य मागायला गेले, तिथे गोळीबार झाला, माणूस गेला. त्यानंतर अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने चळवळ वाढली, श्रमिक संघटना उभी राहिली, आणि त्यात बाया पुढे आल्या. दारूची मडकी फोडली ती त्यांनीच. हा इतिहास ऐकताना आमच्या मनात एक गोष्ट राहते. ते पगारी राखणदार कोण होते? तेही गरिबाघरचेच. ज्या बाईला ते हटकत, ती कधी त्यांच्याच गावातली असे.

आता आजकडे येऊ. कायदा काय म्हणतो, ते नीट समजून घ्या, कारण दुकानात अर्धवट सांगतात. आजचा हत्यारांचा कायदा १९५९ चा आहे, १९६२ पासून लागू. परवान्याला वय एकवीस लागतं. आपल्यासारख्या जिल्ह्यात परवाना जिल्हाधिकारी देतात, त्याआधी पोलीस चौकशी होते, आणि २०१६ च्या नियमांनुसार हत्यार सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण दाखवावं लागतं. मालकाच्या परवान्यात नोकराचं नाव नोंदवायची सोय जुनी आहे, तेव्हा मालक बोलले ते अगदी हवेतलं नव्हतं. पण परवाना मिळणं हा हक्क नाही, कारण पटवावं लागतं. आणि निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात, कोणाला सूट द्यायची ते समिती ठरवते. दरोडेखोर काही निवडणुकीसाठी थांबत नाही.

गोळी झाडण्याबद्दलचा कायदा असा, की स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव आणि माल वाचवायचा हक्क प्रत्येकाला आहे. हत्याराचा धाक दाखवून लुटत असेल, तर प्रसंगी हल्लेखोराचा जीव गेला तरी कायदा तो बचाव ऐकून घेतो. आधी हे दंड संहितेत होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत आहे. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. पैसे टाकून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी बसली, तर गुन्हा दाखल होईल. कोणावर? ज्याच्या बोटाखाली चाप होता, त्याच्यावर. मालक वकील देतील, कदाचित. कोर्टाच्या तारखांना जायचं त्या पोरीने, आणि तिचं लग्न ठरवायचं तिच्या आईने.

उलट बाजूही खोटी नाही, ती टाळून चालणार नाही. जळगाव ही सोन्याची पेठ. चोपडा-शिरपूरकडे, सीमेपलीकडच्या उमर्टीसारख्या गावांतून येणारे गावठी कट्टे पोलीस पुन्हा पुन्हा पकडतात. लुटणारा मोकळ्या हाताने येत नाही. हायवेवरच्या पेट्रोल पंपावर रात्री एकटा बसलेला पोरगा विचारतो, की त्याच्याकडे कट्टा आणि मी काय फडकं घेऊन बसू? त्याची भीती खरी आहे.

पण बंदुकीने ती भीती कमी होते का? अमेरिकेत दुकानांत हत्यार ठेवणं आपल्यापेक्षा कितीतरी सोपं आहे. तिथल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात अभ्यासकांनी कामाच्या जागी झालेले खून तपासले आणि २००५ मध्ये छापलं, की जिथे मालकाने नोकरांना बंदूक आणू दिली, तिथे खून होण्याची शक्यता न आणू देणाऱ्या जागांपेक्षा सुमारे पाचपट होती. कोणी म्हणेल, धोक्याच्या जागीच लोक बंदूक ठेवतात, म्हणून आकडा वाढला. अभ्यासकांनी ती शंकाही धरून हिशेब केला, तरी फरक उरलाच. याचं कारण समजायला आपल्याला अमेरिकेत जायला नको. लुटारू आधीच हत्यार ताणून आत येतो. काउंटरवरच्या पोरीच्या एका हातात ट्रे, समोर गिऱ्हाईक, शेजारी गिऱ्हाइकाचं लेकरू. ती खाली वाकून कप्पा उघडेपर्यंत तो काय बघत उभा राहणार? आणि सराफ बाजाराची गल्ली किती रुंद असते? चुकलेली गोळी समोरच्या दुकानातच शिरणार.

दारावर बसणाऱ्या निवृत्त फौजीची गोष्ट वेगळी आहे. त्याचं कामच ते, सराव ते, आणि नोकरीला लागताना त्याने ते कबूल केलेलं असतं. बँकांनी तसे पहारेकरी वर्षानुवर्षं ठेवले. मालकाला बंदूकच हवी असेल तर त्याने असा माणूस ठेवावा, पूर्ण पगार देऊन. दागिने दाखवायला ठेवलेल्या पोरीच्या पगारावर थोडे रुपये चढवून तिच्याकडून फौजीचं काम करून घेणं, हे आम्हाला जागल्याचा हक्क बुडवण्याच्याच जातीचं वाटतं.

हे सगळं आम्ही त्या ताईला सांगितलं, जमेल तसं. तिने लेकीला सांगितलं. लेक हुशार, तिने मालकांना नाही म्हटलं नाही, फक्त विचारलं. माझ्याकडून कोणी जखमी झालं तर कोर्टाचा खर्च तुम्ही लिहून देणार का? मला काही झालं तर घरी किती मिळणार? कामावर जीव गेला वा जखम झाली तर मालकाने भरपाई द्यायची, हा कायदा आपल्याकडे १९२३ पासून आहे, हेही तिने आमच्याकडूनच ऐकलं होतं. आणि तिसरं, नाही म्हटलं तर नोकरी राहणार का?

मालक म्हणाले, विचार करून सांगतो. अजून सांगितलेलं नाही. दुकानाला मात्र आतून बटण दाबल्याशिवाय न उघडणारं दार बसलंय, आणि रात्री माल तिजोरीत ठेवताना आता दोघांऐवजी चौघं थांबतात. त्यामुळे लेक अर्धा तास उशिरा घरी येते. त्या अर्ध्या तासाचे पैसे मिळतात का, ते पुढच्या बैठकीत ताईला विचारणार आहोत.