ऑक्सिजन संवेदक आणि पीयूसी चाचणीत नापास होणारी गाडी

ऑक्सिजन संवेदक : पेट्रोल किंवा सीएनजीवर चालणाऱ्या मोटारीच्या एक्झॉस्ट नळीत बसवलेला, जळून बाहेर पडणाऱ्या वायूत ऑक्सिजन किती उरला आहे हे कळवणारा भाग. गॅरेजमध्ये याला ‘ओटू सेन्सर’ म्हणतात, तांत्रिक पुस्तकांत ‘लॅम्डा सेन्सर’. त्याच्या संकेतावरून इंजिनाचा संगणक (ईसीयू) इंधनाचे प्रमाण सतत कमी-जास्त करतो. गाडी पीयूसीत (धुराच्या प्रदूषण-चाचणीत) पुन्हापुन्हा नापास होऊ लागली की पहिला संशय याच्यावर घेतला जातो आणि बऱ्याचदा तो निर्दोष असतो. तो ऑक्सिजन मोजतो, इंधन मोजत नाही, एवढे ध्यानात ठेवले तर निदानातला निम्मा गोंधळ टळतो.

बॉश कंपनीचा हा संवेदक १९७६ मध्ये व्होल्वो २४० मालिकेतल्या, अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांत प्रथम आला. त्याचे टोक झिर्कोनियम डायऑक्साइड या सिरॅमिकचे असून त्यावर प्लॅटिनमचा पातळ थर असतो. एका बाजूला एक्झॉस्ट, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. टोक ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापले, की दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधल्या तफावतीमुळे विद्युतदाब निर्माण होतो : मिश्रणात इंधन जास्त असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट, कमी असेल तर सुमारे ०.१. टोक लवकर तापावे म्हणून आत हीटर असतो. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग (वजनाने) हे प्रमाण म्हणजे लॅम्डा १. त्याच्या अगदी आसपासच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइडे या तिन्हींना एकाच वेळी आवरू शकतो. म्हणून ईसीयू मिश्रण या रेषेच्या अलीकडे-पलीकडे हलवत राहतो आणि चांगल्या संवेदकाचा आलेख सतत वर-खाली होताना दिसतो. अलीकडच्या अनेक गाड्यांत वाइडबँड प्रकार असतो. तो व्होल्टवर नव्हे तर विद्युतप्रवाहावर चालतो, त्यामुळे त्याला वरचे आकडे लागू होत नाहीत.

भारतात पीयूसीचा आधार केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ११५ आहे. बीएस-४ व नंतरच्या उत्सर्जन मानकांच्या पेट्रोल चारचाकीसाठी आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही कमाल मर्यादा आहे. मग इंजिन मिनिटाला सुमारे २,५०० फेऱ्यांवर नेतात. तेव्हा कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३ यांच्या दरम्यान असावा लागतो. यंत्रावर दिसणारा हा लॅम्डा नळीतल्या वायूंवरून गणिताने काढलेला असतो. गाडीतल्या संवेदकाशी त्याचा संबंध नसतो. म्हणूनच तो मोलाचा. दोन स्वतंत्र साक्षी ताडून पाहता येतात, पण बहुतेक मालक पावतीवरचा ‘नापास’ एवढाच शब्द वाचून गॅरेज गाठतात.

कार्बन मोनॉक्साइड जास्त आणि लॅम्डा ०.९७ पेक्षा कमी असेल तर इंधन जास्त पडते आहे. आता स्कॅनर लावून ‘फ्युएल ट्रिम’, म्हणजे ईसीयूने ठरल्यापेक्षा किती टक्के इंधन वाढवले किंवा घटवले ते पाहावे. ट्रिम मोठ्या प्रमाणात उणे (समजा उणे २०) असेल, तर संवेदक खरे बोलतो आहे आणि ईसीयू इंधन कापण्याची धडपड करतो आहे. गळका इंजेक्टर, वाढलेला इंधनदाब, उघडा राहिलेला पर्ज व्हॉल्व्ह किंवा इंजिन थंडच आहे असे सांगणारा कूलंट तापमानाचा सेन्सर, यांपैकी काहीतरी बिघडले आहे. ट्रिम मोठ्या प्रमाणात अधिक असताना कार्बन मोनॉक्साइड चढलेला असेल, तर संवेदक स्वतः बिघडला आहे किंवा फसवला जातो आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटला चीर गेली असेल तर संवेदकाच्या आधीच बाहेरची हवा आत ओढली जाते. संवेदकाला ऑक्सिजन दिसतो, तो ‘इंधन कमी’ असे कळवतो आणि ईसीयू ओतत राहतो. अशा गाडीत नवा संवेदक घातला तरी पुढची पीयूसी तशीच जाते.

हायड्रोकार्बन खूप आणि कार्बन मोनॉक्साइड बेताचा असेल तर आधी मिसिंग शोधावी. प्लग किंवा इग्निशन कॉइल गेलेल्या सिलिंडरमधून न जळलेले पेट्रोल आणि न वापरलेला ऑक्सिजन दोन्ही बाहेर पडतात. संवेदक त्यातला ऑक्सिजनच तेवढा पाहतो. अशी गाडी फार दिवस चालवली तर ते पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळून त्याची जाळी वितळते. दोन्ही वायू थोडे जास्त पण लॅम्डा बरोबर, अशा वेळी कन्व्हर्टर संपला असण्याची शक्यता मोठी; त्याच्यामागच्या दुसऱ्या संवेदकाचा आलेख स्थिर न राहता पुढच्यासारखाच हलत असेल तर ती बळावते. लॅम्डा १.०३ च्या वर आणि बाकी सारे उत्तम असेल तर सायलेन्सरला भोक पडले आहे का पाहावे. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत हे नवल नाही. इंजिन गार असतानाच केलेली चाचणीही नापास होते, कारण कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही.

दोषसंकेतांचे वाचन जपून करावे. पी०१३५ हा हीटरच्या सर्किटचा, पी०१३३ मंद प्रतिसादाचा. पी०१७१ मात्र मिश्रणात इंधन कमी असल्याची तक्रार आहे, संवेदक बदलण्याचा हुकूम नव्हे. जुन्या प्रकारच्या संवेदकाची खरी परीक्षा सोपी आहे : गरम इंजिनाची व्हॅक्यूमची नळी क्षणभर सोडली की व्होल्ट ०.२ च्या खाली यावेत, हवेच्या वाटेने थोडा प्रोपेन सोडला की ०.८ च्या वर जावेत, आणि हे तत्काळ व्हावे.

इथेनॉलमुळे एक नवी गफलत होते. इथेनॉल मिसळलेल्या ई२० पेट्रोलला हवा कमी, सुमारे १३.५ भाग लागते. जुन्या पेट्रोलसाठी जुळवलेल्या गाडीत त्यामुळे ट्रिम काही टक्के अधिक दिसणे स्वाभाविक आहे. तो बिघाड नव्हे.

संवेदक मरतो तो बहुधा दुसऱ्या कशाने तरी : गॅस्केटला लावलेल्या सिलिकॉनने पांढरा थर बसतो, सिलिंडरमध्ये झिरपणारे कूलंट आणि जळणारे ऑइल टोक बुजवतात. शिशाचे पेट्रोलही त्याला मारक होते. भारतात ते २००० साली बंद झाले. मूळ कारण काढल्याशिवाय बसवलेला नवा भागही त्याच वाटेने जातो. बसवताना अँटी-सीझ फक्त आट्यांना लावावे, टोकाला नाही. कनेक्टरमध्ये ग्रीस भरू नये, कारण अनेक संवेदकांना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरींच्या आतूनच मिळते.