हॉलमधला खेळ आणि धावता फोकस

प्रकाशशास्त्राचा विषय निघाला की आपल्याकडे इब्न अल-हैसमचं नाव घ्यायचं, ऊर भरून आणायचा आणि तिथेच थांबायचं, अशी एक रीत पडली आहे. तो अकराव्या शतकातला माणूस. त्याचा अभिमान मलाही आहे. पण भिंगाची गोष्ट त्याच्यानंतर हजार वर्षं चालत राहिली, आणि तिच्यातलं एक प्रकरण तर आपल्या हयातीत घडलं. ते फारसं कुणी मराठीत लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, म्हणून आज ते सांगतो.

प्रकरण असं, की बंद हॉलमध्ये, अपुऱ्या उजेडात, वेगाने धावणाऱ्या खेळाडूचा स्पष्ट फोटो काढणं यंत्राला जमायला लागलं ते कसं आणि कधी. शाळांच्या स्पर्धांत मी फोटो काढत असतो. बॅडमिंटन आणि मॅटवरची कबड्डी हे माझे नेहमीचे विषय. उघड्या मैदानावर क्रिकेट टिपायला साधा कॅमेराही पुरतो, कारण सूर्य फुकट काम करतो. हॉलमध्ये डोळ्यांना लख्ख वाटणारा उजेड प्रत्यक्षात मैदानातल्या उन्हाच्या कितीतरी पट कमी असतो. धावता पाय गोठवायला सेकंदाचा पाचशेवा, शक्यतो हजारावा भाग हवा. तेवढ्या क्षणात पुरेसा प्रकाश आत यायचा तर भिंगाचं तोंड मोठं हवं. झूम लेन्स बहुधा एफ २.८ वर थांबते. एकाच नाभीय अंतराच्या, म्हणजे प्राइम लेन्स एफ २ किंवा एफ १.८ पर्यंत उघडतात. एफ १.८ वर एफ २.८ च्या सुमारे अडीचपट प्रकाश येतो. हॉलमध्ये हा फरक फोटो मिळणं आणि न मिळणं यांमधला असायचा.

पण तोंड उघडलं की दुसरीकडे किंमत मोजावी लागते. २०० मिलिमीटरची लेन्स एफ १.८ वर ठेवून दहा मीटरवरच्या खेळाडूवर रोखली, तर स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची जाडी सत्तावीस सेंटिमीटरच्या आसपास भरते. वीतभराहून थोडी जास्त. सेकंदाला सात मीटर वेगाने समोर येणारा माणूस सेकंदाच्या विसाव्या भागात पस्तीस सेंटिमीटर पुढे सरकतो. आणि बटण दाबल्यापासून आरसा वर जाऊन पडदा उघडेपर्यंत जुन्या चांगल्या कॅमेऱ्यालाही साधारण तेवढाच वेळ लागायचा. म्हणजे दाबलं तेव्हा नाकावर असलेला फोकस फोटो निघाला तेव्हा पाठीमागे राहिलेला. सगळा पेच या हिशेबात आहे.

उर्दूत लेन्सला अदसा म्हणतात. अरबी ‘अदस’ म्हणजे मसूर. लॅटिनमध्येही लेन्स म्हणजे मसूरच. दोन्हीकडच्या लोकांना काचेच्या त्या आकारात डाळच दिसली. फोकसला उर्दू पाठ्यपुस्तकांत मासिका असा शब्द आहे, तो ‘धरून ठेवणे’ या अर्थाच्या अरबी धातूवरून आलेला. मराठीत आपण नाभी म्हणतो. मला या बाबतीत उर्दू शब्द जास्त चपखल वाटतो, कारण खेळाच्या फोटोत फोकस सापडणं सोपं असतं, धरून ठेवणंच कठीण. असो.

पूर्वी हे धरून ठेवण्याचं काम बोटांचं होतं. छायाचित्रकार डाव्या हाताने लेन्सची कडी सतत फिरवत खेळाडूच्या मागे जायचे. किंवा रेषेवर, बास्केटखाली, जिथे खेळाडू हमखास येणार तिथे आधीच फोकस लावून थांबायचे. अमेरिकेत बास्केटबॉलच्या मोठ्या सामन्यांत छताला फ्लॅश टांगून उजेडाचा प्रश्न सोडवत. ती चैन मोजक्या नियतकालिकांना परवडणारी. त्या हातांची मला कमाल वाटते, पण त्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांनी त्यांच्या फेकून दिलेल्या निगेटिव्हही मोजाव्यात.

स्वयंचलित फोकसची सुरुवात खेळाच्या मैदानावर झाली नाही, घरगुती कॅमेऱ्यात झाली. १९७७ साली कोनिकाचा सी ३५ एएफ बाजारात आला. त्यात अमेरिकेच्या हनीवेल कंपनीचा भाग होता. लगेच १९७८ मध्ये पोलरॉइडने ध्वनिलहरी सोडून अंतर मोजणारा कॅमेरा काढला. भिंग बदलता येणाऱ्या आरशाच्या कॅमेऱ्यांत पेंटॅक्सचा एमई-एफ १९८१ साली आला, आणि १९८३ मध्ये निकॉनने एफ३ एएफ आणला. त्याच्यासोबत दोनच लेन्स होत्या, ८० मिलिमीटर एफ २.८ आणि २०० मिलिमीटर एफ ३.५. दोन्ही प्राइम, आणि मोटर दोन्हींच्या पोटातच. हे लक्षात ठेवा, पुढे याचा संदर्भ येईल.

खरा धक्का १९८५ साली मिनोल्टाच्या ७००० ने दिला. त्यांनी मोटर कॅमेऱ्याच्या अंगात बसवली. कॅमेऱ्यातून एक छोटी दांडी बाहेर येते, लेन्सच्या खाचेत बसते आणि पेचकसाने स्क्रू फिरवावा तशी लेन्स फिरवते. लेन्स त्यामुळे स्वस्त आणि हलक्या झाल्या. जग मिनोल्टाच्या मागे धावलं. पुढे हनीवेलने पेटंटवरून मिनोल्टाला अमेरिकेच्या कोर्टात खेचलं आणि १९९२ साली पावणेतेरा कोटी डॉलरच्या घरात तडजोड झाली, ती कथा वेगळी.

निकॉननेही १९८६ च्या एफ-५०१ मध्ये दांडीचीच पद्धत घेतली. कारण समजण्यासारखं आहे. निकॉनची लेन्स बसवायची कडी १९५९ पासून तीच होती. ज्याने वीस वर्षं पैसे साठवून निकॉनच्या लेन्स जमवल्या, त्याला त्या टाकून द्याव्या लागू नयेत, हा विचार. इमानदारीचाच म्हणायला हवा. अडचण ही, की लांब लेन्समधली काच जड असते. लहानशा कॅमेऱ्यातली मोटर, बारीक दांडी, मधले दातेरी चक्र, आणि पलीकडे ३०० मिलिमीटरची तोफ. ती घरघर करत फिरायची, थांबायच्या जागेच्या पुढे जायची, परत यायची. उन्हातल्या फुटबॉलला एक वेळ चालेल. हॉलमध्ये तोवर खेळाडू कोर्टाच्या दुसऱ्या टोकाला.

कॅननने १९८७ च्या मार्चमध्ये उलटा निर्णय घेतला. ईओएस ६५० आणताना १९७१ पासूनची एफडी कडी त्यांनी मोडीत काढली. नवी कडी रुंद, आतून ५४ मिलिमीटर, निकॉनची ४४. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये एकही हलणारा दुवा नाही, फक्त विजेचे संपर्क. मोटर प्रत्येक लेन्समध्ये स्वतंत्र, तिच्या काचेच्या वजनाला साजेशी. जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसेनात. कॅननच्या जुन्या गिऱ्हाइकांनी याला सरळ दगाबाजी म्हटलं, आणि त्यांच्या जागी तुम्ही-मी असतो तर वेगळं म्हटलं नसतं.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ईएफ ३०० मिलिमीटर एफ २.८ आली, आणि तिच्यात जगात प्रथमच लेन्सला अल्ट्रासॉनिक मोटर लागली. ही मोटर समजून घेण्यासारखी आहे. काही स्फटिकांना वीज दिली की ते आकार बदलतात. हा गुणधर्म पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० च्या सुमारास उजेडात आणलेल्या शोधाचीच दुसरी बाजू. जपानच्या तोशिइकु साशिदा यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अशा पदार्थाची थरथर वापरून धातूच्या कड्यात एक धावती लहर उभी केली. त्या कड्यावर दाबून बसवलेलं दुसरं कडं त्या लहरीवर सरकत फिरतं. दातेरी चक्र नाही, आवाज नाही. वेग कमी पण जोर भरपूर, म्हणजे जड काच हलवायला अगदी हवं तसं. आणि मुख्य गोष्ट, वीज बंद केली की घर्षणामुळे कडं जागच्या जागी थांबतं. हॉलमध्ये पळण्याइतकंच थांबणं महत्त्वाचं.

मग १९८८ च्या नोव्हेंबरात आली २०० मिलिमीटर एफ १.८. तीन किलो वजन. समोरून पाहिली तर एखाद्या पातेल्यासारखी. हॉलमधले खेळ टिपणाऱ्यांत या लेन्सचं नाव आजही आदराने घेतात. बास्केटबॉल, जिम्नॅस्टिक्स, बर्फावरची हॉकी, जिथे उजेड कमी आणि वेग जास्त तिथे ती. कोडॅकची पी३२०० ही अतिसंवेदनशील फिल्मही त्याच वर्षी आली. दोन्ही एकत्र आल्यावर छताला फ्लॅश न टांगताही काही हाती लागू लागलं.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोठ्या तोंडाची लेन्स म्हणजे जलद फोकस, असं दुकानदारही सांगतात. ते अर्धंच खरं. आरशाच्या कॅमेऱ्यातला फोकस-संवेदक लेन्सच्या दोन कडांमधून येणारी दोन चित्रं ताडून पाहतो. ती किती आणि कोणत्या दिशेने सरकलीत यावरून काच कुठे न्यायची ते एका मोजणीत कळतं. कडा जितक्या दूर, तितकी मोजणी अचूक, आपले दोन डोळे लांब असल्यासारखं. म्हणून १९८९ च्या ईओएस-१ मध्ये मधला संवेदक एफ २.८ किंवा त्याहून मोठ्या तोंडाच्या लेन्सवर जास्त काटेकोर चालत असे. पण तो एफ २.८ साठी आखलेला, एफ १.८ च्या लेन्सने त्याला आणखी काही मिळत नाही. तो जादा प्रकाश फक्त फोटोला. उलट स्पष्ट पट्टा मात्र आणखी पातळ झालेला. शिवाय कोणती काच हलते यावर सगळं अवलंबून. कॅननचीच १९८९ ची ८५ मिलिमीटर एफ १.२ घ्या, तोंड केवढं मोठं, पण काचेचा जड गठ्ठा हलवावा लागतो म्हणून चाल बैलगाडीची. आणि १९९६ ची १३५ मिलिमीटर एफ २ मागचा लहान गट हलवते, म्हणून चपळ. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४० मीटर लांब. कडेला बसून १३५ ने त्यातलं जवळजवळ सगळं आवाक्यात येतं. लेन्सवर एक खटका असतो, जवळचं अंतर शोधूच नको असं सांगणारा. तो लावला की मध्ये कुणाचं डोकं आलं तरी लेन्स पार नाकापर्यंत जाऊन परत येत नाही. एवढ्याशा खटक्याने किती फोटो वाचतात!

तरी मोटर कितीही चपळ असली तरी वर सांगितलेला सेकंदाचा विसावा भाग उरतोच. त्यावर उपाय भाकिताचा. कॅमेरा लागोपाठ अंतरं मोजतो, वेग काढतो आणि पडदा उघडेल त्या क्षणी खेळाडू जिथे असेल तिथे काच नेऊन ठेवतो. १९८८-८९ पासून हे तंत्र कॅमेऱ्यांत येऊ लागलं. सरळ धावणाऱ्याला ते छान पकडतं. कबड्डीतला चढाईपटू मात्र पाय पुढे टाकून मागे उडी मारतो, तिथे भाकीत फसतं. त्याचं पोट भरतं ते फसवण्यावर. यंत्रालाही तो फसवतोच.

निकॉनने काय केलं? १९९२ मध्ये मोटर पुन्हा लेन्सच्या पोटात नेली, जिथे ती १९८३ साली होतीच. १९९६ ला स्वतःची ध्वनिलहरींची मोटर आणली. तोवर मोठ्या स्पर्धांच्या सीमारेषेवर पांढऱ्या लेन्सची रांग लागलेली होती. म्हणजे जुन्या गिऱ्हाइकाशी प्रामाणिक राहिलेला मागे पडला आणि सगळं मोडून टाकणारा पुढे गेला. मला हे आवडत नाही, पण तारखा तेच सांगतात. तोल एकदा उलटाही फिरला. २००७ साली कॅननच्या ईओएस-१डी मार्क ३ च्या धावत्या फोकसबद्दल तक्रारी आल्या, कंपनीला आतल्या छोट्या आरशाची दुरुस्ती जाहीर करावी लागली. त्याच वर्षी निकॉनचा डी३ आला, ५१ फोकसबिंदूंचा आणि आयएसओ ६४०० वर छापण्याजोगं चित्र देणारा. अंधार एवढा स्वस्त झाल्यावर अनेकांनी तीन किलोच्या प्राइम ठेवून एफ २.८ ची झूम उचलली.

पुढे आरसाच गेला. २०१७ च्या सोनी ए९ मध्ये चित्र घेणाऱ्या संवेदकावरच ६९३ फोकसबिंदू, मोजणी सेकंदाला ६० वेळा. वेगळा आरसा नाही, म्हणून त्याचं जुळणं-बिघडणंही नाही. चेहरा, डोळा यंत्र स्वतः ओळखतं. २०१९ च्या त्यांच्या १३५ मिलिमीटर एफ १.८ मध्ये चार सरळ रेषेत सरकणाऱ्या मोटर आहेत, आणि २०२३ ची ३०० मिलिमीटर एफ २.८ दीड किलोच्याही आत. आपल्याकडे प्रो कबड्डी २०१४ मध्ये मुंबईच्या एनएससीआयच्या घुमटाखाली सुरू झाली, तेव्हापासून मॅटवरची चढाई दिव्यांखाली रोज टिपली जाते. शाळेच्या हॉलमध्ये असे दिवे नसतात. तिथले दिवे सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात, एक फोटो उजळ तर पुढचा पिवळट. तिथे जुनी १३५ एफ २ सेकंडहँड घेऊन बसणाराच टिकतो. आमच्या मुलींच्या चढाया मी अशाच टिपतो. वर्तमानपत्रात मुलींच्या कबड्डीचा धूसर फोटो छापून येतो तेव्हा कारण दरवेळी खेळात नसतं.

आणि ती २०० मिलिमीटर एफ १.८? तिचं उत्पादन थांबून वीसेक वर्षं होत आली, सुटे भागही मिळत नाहीत. तिच्यात हाताने फोकस करायची कडीसुद्धा विजेवरच चालते, म्हणजे कडी फिरवली की हुकूम मोटरला जातो. मोटर गेली की हातानेही फोकस होत नाही. तिच्या आधीच्या, कॅननने मोडीत काढलेल्या एफडी लेन्स अजून बोटांनी फिरतात.