इंजिन तापणे (मोटारगाडीचे), विशेषतः बऱ्हाणपूर परिसरात

इंजिनात फिरणाऱ्या पाण्याचे वा कूलंटचे तापमान नेहमीच्या मर्यादेपलीकडे (बहुतेक गाड्यांत 85 ते 100 अंश सेल्सियस) जाणे. बोलीत 'गाडी गरम होणे'. जळलेल्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांच्या कामी येते, तेवढीच धुरावाटे जाते आणि उरलेली बहुतेक पाण्याला वाहून न्यावी लागते.

इतिहास : कार्ल बेंझ यांच्या 1886 च्या तीनचाकीत पाणी उकळून वाफ होऊन जाई. मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर विल्हेल्म मायबाख यांनी 1900 च्या सुमारास आणला.

स्थानिक परिस्थिती : शहर तापीच्या खोऱ्यात आहे. खंडव्याचा रस्ता सुमारे 20 किमी.वर अशीरगडाजवळ सातपुडा चढतो आणि मे महिन्यात पारा 42 अंशांच्या वर जातो. चढ, उन्हाळा आणि भरलेली गाडी एकत्र आली की शीतन व्यवस्थेतला लपलेला दोष उघड होतो. मात्र ऊन हे क्वचितच मूळ कारण असते. धड व्यवस्था असलेली गाडी हा घाट उन्हातही चढते. येथे मूळ कारण बहुधा पाणी असते.

पाणी आणि चुना : या पाण्याचा गुण पाहायचा तर कुंडी भंडाऱ्यात उतरावे. मोगल सुभेदार अब्दुल रहीम खानखानान यांच्या काळात, 1615 च्या सुमारास, सातपुड्यातून तापीकडे झिरपणारे भूजल भुयारात अडवून शहराला देण्याची ही योजना झाली. शंभराहून अधिक कुंड्या (विहिरींसारखे उभे झरोके) त्या भुयाराशी जोडलेल्या आहेत. भुयाराच्या भिंतींवर पांढरट, खडबडीत थर चढलेला दिसतो. जमिनीखालच्या दाबातून सुटताच पाण्यातला कर्बवायू उडून जातो आणि विरघळलेला चुना भिंतीवर बसतो. तिथे हे काम शतके चालले आहे. रेडिएटरमध्ये उष्णतेमुळे ते काही वर्षांत उरकते. बायकार्बोनेटचे कार्बोनेट होते आणि ते सर्वांत तापलेल्या जागी, म्हणजे हेडच्या पाणवाटांत, आधी चिकटते. त्यामुळे उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही. रेडिएटरच्या चपट्या नळ्यांची वाट मुळात मिलिमीटर-दोन मिलिमीटरचीच. कापून पाहिलेल्या जुन्या नळीत कधीकधी सुई जाण्याइतकीच फट उरलेली असते.

एकदा भरलेले कठीण पाणी फारसे नुकसान करीत नाही, कारण त्यातला चुना मर्यादित असतो. घात होतो तो रोज थोडे थोडे टाकण्याने. वाफ निघून जाते, चुना आतच राहतो. लिटरला 400 मिलिग्रॅम कठीणपणा असलेले लिटरभर पाणी रोज वाफ होऊन जात असेल, तर वर्षात सुमारे 146 ग्रॅम चुना आत साचतो. बोअरचे पाणी डब्यात भरून डिकीत ठेवणारा चालक म्हणूनच आजाराचे औषध नव्हे, आजारच बरोबर नेत असतो.

निदान : गर्दीत उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर पंखा, त्याचा फ्यूज वा रिले पाहावा. उलट, वेगात वा चढावर तापते, तर रेडिएटर चोक झालेला, पट्टा ढिला किंवा वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) निकामी. वरचा पाइप तापलेला आणि खालचा थंड, तर थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप) बंद अडकलेला किंवा नळ्या तुंबलेल्या. रेडिएटरच्या झाकणाचे रबर चिरलेले असेल तर दाब राहत नाही. 0.9 बारच्या झाकणाने साधे पाणी सुमारे 118 अंशांपर्यंत उकळत नाही, ते झाकण गेले की 100 लाच उकळते. पाणी वारंवार कमी होते, गळती दिसत नाही, धूर पांढरा येतो आणि ऑइलच्या झाकणाखाली मलईसारखा थर आढळतो, तर हेड गॅस्केट गेले समजावे. तापमानाचा काटा एकाएकी खाली आला म्हणून निश्चिंत होऊ नये. पाणी संपले की सेन्सर वाफेत लटकतो आणि काटा खोटे सांगतो.

उपाय : काटा चढू लागताच एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा आणि गाडी बाजूला घ्यावी. झाकण गरम असताना उघडू नये. अंगावर उसळणारी वाफ चेहरा भाजते. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतल्यास अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकते वा तडकते, मग फेसिंगचा (हेड घासून सपाट करण्याचा) खर्च येतो. थंड झाल्यावर जुने पाणी काढून सौम्य सायट्रिक आम्लाने आतून धुवावे. हायड्रोक्लोरिक आम्ल वापरू नये, ते अ‍ॅल्युमिनियम खाते. नंतर कूलंट आणि बॅटरीचे (ऊर्ध्वपातित) पाणी निम्मे-निम्मे भरून हवा काढावी. जुन्या तांबे-पितळेच्या रेडिएटरची टाकी उघडून नळ्यांत सळई फिरवता येते, आजच्या अ‍ॅल्युमिनियम-प्लास्टिकच्या रेडिएटरला तो मार्ग बंद आहे.

थर्मोस्टॅट काढणे : उष्ण प्रदेशात अनेक मेकॅनिक तो काढून टाकतात. याविषयी मते भिन्न आहेत.

हवेने थंड होणारी इंजिने : येथे विचारात घेतलेली नाहीत.